मातीचे चाक



भात कापून झाले, उडव्या रचून झाल्या, आणि मुलांना दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या हरिहरेश्वरात पाय ठेवायला जागा नसते. देवदर्शनाला आणि समुद्र पाहायला आलेल्या पाहुण्यांची एकच गर्दी. घरोघरी उकडीच्या मोदकांच्या, सोलकढीच्या पाट्या लागतात. आपली वाडीवाली मंडळी सकाळी सुपारी उतरवायची की पाहुण्यांचे आंघोळीचे पाणी तापवायचे, या पेचात असतात. अशाच एका सकाळी एका बागायतदारांच्या वाडीत सुपारीची नवी झाडे पाहायला गेलो होतो. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात त्यांची जुनी बाग आडवी झाली. त्यानंतर लावलेल्या झाडांना आता कुठे पोय दिसू लागली आहे. सुपारीला फळ धरायला पाच-सात वर्षे लागतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा पैशाची ओढ कशी असते तेही सांगायला नको.

खत-पाण्याचे बोलून झाले आणि गृहस्थ हळूच म्हणाले, "साहेब, एक घरगुती विचारू का? नातू हट्टाला पेटलाय."

झाले होते असे. मुंबईच्या पाहुण्यांच्या मुलाजवळ एक खोका होता. त्यात पांढऱ्या प्लास्टरची एक वीट, एक इवलीशी हातोडी आणि एक कुंचला. वीट हळूहळू खरवडत गेले की आतून मिसर देशातली इवलीशी ममी निघते. जुनी वस्तू उकरून काढायचा खेळ. यांचा नातू पाचवीत आहे. तो दिवसभर त्या मुलाच्या शेजारी उकिडवा बसून राहिला आणि पाहुणे गेल्यावर आजोबांच्या मागे लागला. किंमत विचारली तर अकराशे रुपये. "तेवढ्यात जवळजवळ खताची गोण येते," आजोबा म्हणाले.

मी म्हणालो, मुलांचा हट्ट दोन दिवसांचा असतो, विसरेल. पण नातू तिथेच विरीवर बसून आमचे बोलणे ऐकत होता. तो म्हणाला, "आपल्याकडे असलं जुनं काही नसतंच ना?" आणि आजोबांनी सहज उत्तर दिले, "नसतं बाबा. आपण शेतकरी माणसं. ते राजेरजवाड्यांचं."

अकराशे रुपयांचे मला काही वाटले नाही, पण हे उत्तर मात्र मला लागले. का लागले, ते सांगायचे तर माझी एक जुनी चूक तुमच्यापुढे मांडावी लागेल.

नोकरीला लागून दोन-तीन वर्षे झाली असतील. गोदावरीच्या खोऱ्यात माझी नेमणूक होती. देशावरच्या वाचकांना 'पांढरी' ठाऊक असेल. जुने गाव मोडून शेकडो वर्षांनी जे टेकाड उरते, त्याची माती राखेने, शेणाने, हाडकांनी पांढुरकी होते. ती शेतात टाकली की पीक चांगले येते, म्हणून शेतकरी पूर्वीपासून पांढरी उकरून नेत आले आहेत. अशाच एका टेकाडाची माती ट्रॉलीत भरणे चालू होते, आणि मी तिथे उभा राहून "भरा, भरा, यात स्फुरद चांगला असतो" असे सांगत होतो. मजुराची सात-आठ वर्षांची पोर माझ्याकडे धावत आली. तिच्या हातात भाजलेल्या मातीची एक चकती होती. बांगडीपेक्षा लहान, मधे फुगीर, आणि मधोमध आरपार भोक. ती म्हणाली, "सायेब, हे गाडीचं चाक हाय." मी पाहिल्यासारखे केले, "कुंभाराचं खापर आहे ते" म्हणालो आणि ट्रॉलीत टाकून दिले. पोर हिरमुसली आणि परत गेली.

पुढे काही वर्षांनी कामानिमित्त पुण्याला गेलो असता डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्व संग्रहालय पाहण्याचा योग आला. तिथे काचेमागे तशीच चकती. खाली चिठ्ठी: खेळण्यातल्या गाडीचे चाक. बी.एस्सी. झालेल्या माणसाला जे कळले नाही, ते त्या पोरीला पाहताक्षणी कळले होते, कारण ती स्वतः तसल्या गाड्या करून खेळत होती. ते चाक किती जुने होते, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. ते कुठल्या तरी कपाशीच्या रानात पसरले गेले.

म्हणून त्या दिवशी वाडीत मी नातवाला जवळ बोलावले आणि दायमाबादची गोष्ट सांगितली. तुम्हीही ती आपल्या घरी सांगा.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. 1974 साली तिथल्या एका शेतकऱ्याला झाडाच्या बुंध्याशी खणताना काशाच्या चार वस्तू सापडल्या. एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा आणि एक बैलजोडीचा रथ. सगळी भरीव ओतीव कामे. रथ सुमारे 45 सेंटिमीटर लांब, म्हणजे हातभर. त्याला दोन बैल जुंपलेले, मागे हाकणारा पुरुष उभा, आणि दांडीवर चक्क एक कुत्रे उभे आहे! ज्याने हे घडवले त्याने रानात जाणारी गाडी आणि तिच्याबरोबर निघालेले कुत्रे रोज पाहिले असणार, असे मला त्याचे चित्र पाहताना दर वेळी वाटते. रेड्याच्या पायाखाली चार चाकांचा पाट आहे. या वस्तू खेळण्यासाठी होत्या की देवापुढे मिरवणुकीत ओढण्यासाठी, हे सांगणे कठीण आहे. त्यांच्या काळाविषयीही विद्वानांत दोन मते आहेत. काही जण त्यांना सिंधू संस्कृतीच्या अखेरच्या काळातल्या मानतात, तर काहींच्या मते त्या बऱ्याच अलीकडच्या असाव्यात. पण सापडल्या त्या शेतकऱ्याला, शेतातच. त्यात राजेरजवाडे कुठे आले?

विदर्भातले वाचक इथे हसतील, कारण चाकांवरचा प्राणी दोरीने ओढणे त्यांना नवे नाही. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. तेव्हा मुले लाकडी बैल सजवून घरोघर ओढत नेतात, त्या बैलालाही खाली चाके असतातच.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे 1968 पासून पुढे अनेक वर्षे डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी उत्खनन केले. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या आसपास वसलेले ते शेतकऱ्यांचे गाव. सातू, गहू, मसूर, वाटाणा पिकवणारे. नदीचे पाणी पाटाने वळवणारे. तिथल्या एका घराच्या जमिनीखाली मातीची एक झाकणाची पेटी निघाली. तिच्यात मस्तक नसलेली देवीची मूर्ती होती आणि सोबत मातीचा बैल. त्याच गावात लहान मूल दगावले तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात त्याला ठेवीत, आणि घराच्या जमिनीखालीच पुरीत. नातवापुढे मी हे बोललो नाही, आजोबांना बाजूला सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लेकराला बाहेर ठेववलं नसेल त्यांना."

आता सिंधच्या बाजूला जाऊ. हडप्पा 1921 साली आणि मोहेंजोदडो 1922 साली उकरायला घेतले, आणि तेव्हापासून तिथे मुलांच्या खेळण्यांचा ढीग निघाला आहे. मातीच्या बैलगाड्या, पोटात भोक असलेली पाखरे म्हणजे शिट्ट्या, आत खडे घातलेले खुळखुळे, गोट्या, आणि एक बैल तर असा, की त्याची मान वेगळी करून दोरीने ओवली आहे. दोरी ओढली की मान हलवतो. चार हजार वर्षांपूर्वीच्या बापाने हे डोके लढवले. फासेही सापडले आहेत. आपल्या फाशावर समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात येते. तिथल्या काही फाशांवर एकाच्या समोर दोन, तीनच्या समोर चार, पाचच्या समोर सहा असे ठिपके आहेत. घरातला फासा मुलाच्या हातात द्या आणि त्यालाच मोजू द्या.

हे सगळे ऐकून झाल्यावर नातवाने व्यवहाराचा प्रश्न विचारला, "मग गाडी करायची कशी?"

मी सांगितले ते असे. जांभ्याची तांबडी माती घेऊ नका, ती धरत नाही. भात कापलेल्या खाचराच्या तळाची किंवा तळ्याकाठची चिकण माती आणा. खडे, मुळे काढून एक रात्र भिजवा. चार मुठी मातीला एक मूठ बारीक वाळू आणि थोडा भाताचा तूस मिसळून कणकेसारखी मळा. नुसत्या चिकण मातीला सुकताना तडे जातात. चाके आधी करा. सुपारीएवढ्या नाही, लिंबाएवढ्या गोळ्याची चकती, मधे जाड, कडेला पातळ, आणि ओली असतानाच बांबूच्या काडीने मधोमध भोक. भोक काडीपेक्षा थोडे सैल ठेवा, कारण माती सुकली की आवळते आणि मग चाक फिरत नाही. साटीला चार कोपऱ्यांत भोके ठेवा, म्हणजे पुढे काड्या खोचून कठडा करता येईल. बैलाची शिंगे जाड ठेवा. पाच-सहा दिवस सावलीत सुकवायचे, उन्हात घाई नको. मग गोवऱ्या रचून, वर तूस पसरून मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली भाजायचे आणि आपोआप निवेपर्यंत हात लावायचा नाही. खर्च शून्य. गोवऱ्या घरच्या नसल्या तर दहा-वीस रुपये.

ज्यांना माती कालवायला वेळ नाही त्यांच्यासाठी आणखी एक खेळ सांगतो. इराकमध्ये ऊर नावाचे प्राचीन शहर होते. लिओनार्ड वूली या इंग्रज संशोधकाने 1922 ते 1934 या काळात तिथे खणले, तेव्हा थडग्यांमध्ये खेळाचे पट मिळाले, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. त्यांतला एक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिथल्याच आयर्विंग फिंकेल या विद्वानांनी बाबिलोनच्या मातीच्या एका पाटीवरचा मजकूर वाचून खेळाची रीत जुळवली. ही पाटी पटापेक्षा पुष्कळ नंतरची, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली आहे. म्हणून नियम तंतोतंत तेच असतील असे नाही, पण खेळ छान रंगतो. शहरात हा पट लाकडाचा, शिंपल्यांची नक्षी केलेला, बराच महाग विकतात. तुम्ही गोणपाटावर कोळशाने काढा.

आठ घरांची एक आडवी ओळ काढा. डावीकडच्या चार घरांना लागून वर चार आणि खाली चार घरे. उजवीकडच्या शेवटच्या दोन घरांना लागून वर दोन, खाली दोन. झाली वीस. वरची बाजू एकाची, खालची दुसऱ्याची, मधली ओळ दोघांची. प्रत्येकाला सात सोंगट्या. एकाला चिंचोके, दुसऱ्याला काजूच्या बिया. आपल्या चार घरांपैकी मधल्या पुलाजवळच्या घरातून सोंगटी आत येते, डावीकडे कडेपर्यंत जाते, तिथून मधल्या ओळीत वळते, आठही घरे चालून उजव्या टोकाला पुन्हा आपल्या बाजूला वळते आणि शेवटची दोन घरे ओलांडून बाहेर पडते. मधल्या ओळीत समोरच्याची सोंगटी मारता येते. मेलेली सोंगटी पहिल्यापासून सुरू. वाटेतले चौथे, आठवे आणि चौदावे घर फुलाचे. तिथे पोचले की आणखी एक डाव, आणि आठव्या, मधल्या घरातल्या सोंगटीला मरण नाही. डाव टाकायला चार चिंचोके उभे फोडून घ्या. पांढरी बाजू जितकी वर, तितकी घरे. सगळे काळे पडले तर डाव फुकट. ज्यांच्या घरी अजून सारीपाट मांडतात त्यांना हे शिकायला पाच मिनिटे लागणार नाहीत, आणि आजीला हरवणे कोणालाच जमणार नाही.

पुस्तकांविषयी थोडके. बालभारतीचे 'किशोर' मासिक 1971 पासून निघते, आणि त्याचे जुने अंक आता बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. आपल्या घरातला भ्रमणध्वनी नाहीतरी मुलांच्याच हातात असतो. मोठ्यांनी वाचून मुलांना सांगण्यासारखे पुस्तक म्हणजे डॉ. म. के. ढवळीकर यांचे 'महाराष्ट्राची कुळकथा'. इनामगावच्या उत्खननात ते स्वतः होते. आणि ज्यांना पुस्तक विकत घेणे परवडत नाही त्यांनी पत्र लिहावे. थट्टा नाही करत. 1928 च्या उन्हाळ्यात पंडित नेहरूंची दहा वर्षांची मुलगी मसुरीला होती आणि ते अलाहाबादेत. त्यांनी तिला पृथ्वी कशी झाली, माणूस शेती करायला कसा शिकला, जुनी शहरे कशी वसली, हे पत्रांतून कळवले. पुढच्या वर्षी त्याचेच पुस्तक निघाले. तुमचा मुलगा किंवा मुलगी आश्रमशाळेत, वसतिगृहात असेल तर तुमच्या गावची विहीर कोणी खणली, एवढे एका पानावर लिहून पाठवा.

हरिहरेश्वरच्या नातवाला मी आणखी एक गोष्ट दाखवली. प्रदक्षिणेच्या वाटेवर जिथे लाटांनी खडकाला जाळीदार नक्षी पाडली आहे, तिथून पुढे सावित्रीचे मुख आणि पलीकडे बाणकोट दिसते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत लिहिलेल्या एका दर्यावर्दी वहीत आपल्या किनाऱ्यावरच्या मंदगोर नावाच्या बंदराची नोंद आहे. हे मंदगोर म्हणजे काहींच्या मते बाणकोट, काहींच्या मते राजपुरी खाडीवरचे मांदाड. मांदाडजवळ कुड्याची लेणी आहेत. तिथल्या शिलालेखांत देणगी देणाऱ्यांची नावे आहेत, आणि त्यांत एक माळीही आहे. बागायत करणाऱ्या माणसाने दोन हजार वर्षांपूर्वी दगडात आपले नाव कोरून ठेवले! मुलांना घेऊन एक दिवस जा, भाकरी बांधून. लेण्यांत आणि किल्ल्यांवर दगडात कोरलेले खेळांचे पट, वाटीसारख्या खळग्यांच्या ओळी पुष्कळ ठिकाणी दिसतात. मुलांना पायाखाली पाहायला सांगा. मात्र कोळशाने किंवा खिळ्याने भिंतीवर स्वतःचे नाव लिहिणाऱ्याचा कान तिथल्या तिथे धरा.

एक सूचना अधिकारी म्हणून करतो. शेततळे, विहीर, घराचा पाया खणताना जुनी मूर्ती, नाणी, भांडी, मणी निघाले तर ते मुलांना खेळायला देऊ नका, घासूनपुसून चकचकीत करू नका आणि फिरत्या भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका. जागेवर खूण करून तलाठ्याला कळवा. 1878 चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे, आणि रीतसर कळवणाऱ्याचा हक्क त्या कायद्याने मानला आहे; लपवणाऱ्याला मात्र शिक्षा आहे. साधी खापरे असली तरी गावच्या शाळेतल्या गुरुजींना दाखवा. मी केले तसे ट्रॉलीत टाकू नका.

आता त्या गाडीचे काय झाले ते सांगतो. आठवड्याने पुन्हा वाडीत गेलो तेव्हा नातू रडकुंडीला आलेला. भाजून निघालेली चाके दोन दिवस उत्तम होती, मग त्यांचे पापुद्रे उडू लागले. चाक हातात घेऊन पाहिले तो पांढरे ठिपके. पोराने वाळू आणली होती समुद्रावरून. तिच्यात शिंपल्यांचा चुरा. तो भाजला की चुना होतो आणि दमट हवेत फुगून मातीला फोडतो. चूक माझी. मी नुसते "वाळू" म्हणालो होतो, ओढ्याची म्हणालो नव्हतो. समुद्रकाठच्या वाचकांनी हे ध्यानात ठेवावे.

पुन्हा माती मळली. या वेळी आजोबाही येऊन बसले. आधी नुसते पाहत होते. मग नातवाने जू बसवले तेव्हा त्यांना राहवेना. "अरे, असं नसतं. बैलाच्या मानेला काच पडेल," म्हणत त्यांनी गाडी ओढून घेतली. तरुणपणी ते श्रीवर्धनला गाडीने सुपारी घेऊन जात, हे नातवालाच काय, मलाही ठाऊक नव्हते. जू, शिवळा, दांड्या, साटी, तुंबा, आरे, धाव, एकेका भागाचे नाव घेत ते काड्या तासत बसले. तेवढ्यात घरातून हाक आली, पाहुण्यांची दुसरी पंगत बसायची होती, वाढायला माणूस हवे होते. "आलो," म्हणाले, पण उठले नाहीत. नातू विचारत होता, "आजोबा, तुमच्या गाडीबरोबर कुत्रा होता?"

"होता की," आजोबा म्हणाले. "काळ्या. पण तो दांडीवर नाही चढायचा, गाडीखालून सावलीत चालायचा."